फुकटच्या कारखान्यातील उस्ताद आणि शागीर्द
हौशी प्रोग्रॅमरांच्या जगात जुन्या-नव्यांचे कसे जमते?

कारखाना जरीचा असो, चपलांचा असो की यंत्रमागाचा, तेथे एक प्रश्न पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. उस्तादाने शागिर्दाच्या हाती किल्ली केव्हा द्यावी? लवकर दिली तर माल बिघडतो आणि नाव जाते. उशीर केला तर हुशार पोरगा शेजारच्या कारखान्यात जातो किंवा स्वतःचे दुकान थाटतो, आणि उस्ताद उतारवयात एकटाच कामावर बसलेला दिसतो. आपल्या कारागीर बांधवांना हे सांगण्याची गरज नाही. ज्याने त्याने आपल्या घरातच ते पाहिलेले असते.

हाच प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे एका अगदी निराळ्या कारखान्यात गाजतो आहे. या कारखान्याला इमारत नाही, मालक नाही आणि सुरुवातीला कोणाला पगारही नव्हता. जगभरातील हौशी संगणक प्रोग्रॅमर आपापल्या घरी बसून, इंटरनेटवरून एकमेकांना पत्रे पाठवून, मिळून माल तयार करतात आणि तो लोकांना फुकट वापरू देतात. हा उद्योग आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन ‘लिनक्स’ नावाच्या ज्या गाभ्यावर चालतो, तो याच कारखान्यात घडला. इंटरनेटवरील बहुतेक मोठी यंत्रे त्यावरच चालतात. जगातील सर्वांत ताकदवान ५०० संगणकांची जी यादी निघते, तिच्यातील पाचशेच्या पाचशे संगणक २०१७ पासून लिनक्सवर आहेत. तेव्हा तेथील उस्ताद आणि शागीर्द यांचे कसे चालते, याची चौकशी करणे धंद्याच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे.

आजोबांच्या मांडीवरून

फिनलंड देशाच्या हेलसिंकी शहरात संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. त्यांनी १९८१ च्या सुमारास कमोडोर कंपनीचा एक लहानसा संगणक घेतला. त्यांचा नातू लिनस टोरवाल्ड्स तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. आजोबा कागदावर लिहून देत आणि मांडीवर बसलेला नातू ते यंत्रात टाईप करी. पुढे हाच मुलगा विद्यापीठात शिकत असताना, जानेवारी १९९१ मध्ये, त्याने स्वतःसाठी एक नवा संगणक घेतला आणि त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला बसला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा मुकादम. कोणते काम केव्हा करायचे आणि कोणाला किती जागा द्यायची, हे तो ठरवतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने समव्यवसायी हौशी मंडळींना कळवले की, आपण एक सिस्टीम तयार करीत आहोत, पण ही केवळ हौस आहे, काही मोठे व्हायचे नाही. त्याचे वय तेव्हा २१ होते.

त्या काळी या हौशी मंडळींत ‘मिनिक्स’ नावाची सिस्टीम वापरली जात होती. अ‍ॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी ती १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली होती. लिनसही त्यांचेच पुस्तक वाचून शिकलेला. म्हणजे समोर न बसताही तो त्यांचा शागीर्दच म्हणायचा. २९ जानेवारी १९९२ रोजी प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष लिहिले की लिनक्स कालबाह्य आहे. त्यांचा आक्षेप रचनेवर होता. त्यांच्या मते सिस्टीमचे प्रत्येक काम वेगळ्या खोलीत, दार लावून व्हावे, म्हणजे एका खोलीत आग लागली तरी कारखाना वाचतो. लिनसने सर्व कामे एकाच मोठ्या हॉलमध्ये ठेवली होती. प्राध्यापकांनी त्याला असेही सुनावले की तू माझा विद्यार्थी नाहीस हे बरे, अशा रचनेला मी तुला चांगले गुण दिले नसते.

पोरगा तरुण होता. त्याने तोडीस तोड उत्तर दिले आणि मिनिक्सच्या उणिवा चारचौघांत मांडल्या. मात्र दुसऱ्याच दिवशी आपल्या भाषेबद्दल त्याने जाहीर माफीही मागितली. मुद्दा मात्र सोडला नाही.

बरोबर कोण होते? रचनेचा शास्त्रीय विचार केला तर प्राध्यापकांचे म्हणणे आजही वर्गात शिकवले जाते. बाजारात मात्र पोरगा जिंकला. त्याचे कारण रचनेत नव्हते, वागणुकीत होते. मिनिक्स शिकण्यासाठी सोपी राहावी म्हणून प्राध्यापक लोकांनी पाठवलेल्या बहुतेक सुधारणा नाकारत. शिवाय ती पुस्तकाच्या प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागे. लिनसने १९९२ मध्ये आपला माल अशा परवान्याखाली खुला केला की कोणीही घ्यावा, बदलावा, फक्त बदललेला माल पुढे वाटताना त्याची कृतीही खुली ठेवावी. कोणी चांगली दुरुस्ती पाठवली की तो ती स्वीकारी आणि पाठवणाऱ्याचे नाव नोंदवी. ज्या पोरांना एका दुकानात कोणी उभे करीत नव्हते ती सगळी दुसऱ्या दुकानात गेली.

या भांडणाचा पुढचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. २००४ मध्ये अमेरिकेतील एका संस्थेने असा आरोप केला की लिनसने लिनक्स मिनिक्सवरून चोरले असावे. जुने वैर मनात असते तर प्राध्यापकांना गप्प बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. लिनसने ते स्वतः लिहिले आहे, माझे चोरलेले नाही, असे त्यांनी उघडपणे लिहून दिले. बारा वर्षांपूर्वी ज्याला नापास केले असते त्याच्या बाजूने ते साक्षीला उभे राहिले. जाता जाता हेही सांगायला हवे की २०१७ मध्ये उघड झाले की इंटेल कंपनीच्या नव्या चिप्सच्या पोटात, देखरेखीसाठी, मिनिक्सच बसवलेली होती. प्राध्यापकांचा मालही वाया गेला नव्हता, फक्त ते त्यांना कंपनीने आधी कळवले नव्हते.

शागिर्दाचा उस्ताद झाला

आता काळ उलटतो. इंटरनेटपूर्वीच्या दिवसांत या पत्रगटांवर मुख्यत्वे विद्यापीठांतील लोक असत. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, वेडेवाकडे प्रश्न विचारत, महिना-दोन महिने जुनी मंडळी त्यांना रीत शिकवत आणि सगळे सुरळीत होई. १९९३-९४ पासून कंपन्यांनी सामान्य ग्राहकांनाही आत सोडले. नवशिक्यांचा ओघ थांबेनाच. जुनी मंडळी त्या काळाला आजही ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. एका उस्तादाकडे चार पोरे असतील तर तो हात धरून शिकवतो. चार हजार आली तर तो ओरडायला लागतो.

टोरवाल्ड्सही ओरडायला लागले. त्यांच्या पत्रांतील शिव्या जगभर प्रसिद्ध झाल्या. चुकीचे काम पाठवणाऱ्याला ते सर्वांसमक्ष असे झोडपत की काही जणांनी परत तोंड दाखवले नाही. काहींना यात मर्दुमकी वाटे. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ हे वाक्य आपल्याकडच्या कारखान्यांत ऐकू येते, तसेच तेथेही ऐकू येई. २०१३ मध्ये एका कार्यकर्तीने त्यांना उघड सवाल केला की कामाबद्दल कडक असणे वेगळे आणि माणसाला तुडवणे वेगळे, हे तुम्हाला कळत नाही का? तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेले. दोन वर्षांनी ती काम सोडून गेली.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी मात्र टोरवाल्ड्स यांनी नव्या आवृत्तीसोबत एक वेगळेच पत्र पाठवले. आपले वागणे चुकले, लोक दुखावले आणि काहींनी कायमचे काम सोडले, याबद्दल त्यांनी माफी मागितली आणि आपण काही दिवस बाजूला होऊन मदत घेणार असल्याचे सांगितले. जुने सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे काम सोपवले. सर्वांसाठी वागणुकीचे लेखी नियम त्याच सुमारास लागू झाले. ऑक्टोबरात ते परत आले. बावीस वर्षांचे असताना दुसऱ्या दिवशी माफी मागणाऱ्या माणसाला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माफी मागायला कितीतरी अधिक वेळ लागला, पण मागितली.

त्याच २०१८ च्या जुलैत आणखी एक उस्ताद गादीवरून उतरले. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हौसेने ‘पायथन’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा करायला घेतली होती. जवळजवळ तीस वर्षे शेवटचा शब्द त्यांचा असे. एका छोट्याशा सुधारणेवरून एवढी कडाक्याची वादावादी झाली की सुधारणा मंजूर करून ते म्हणाले, आता मी थकलो, पुढचे तुम्ही ठरवा. वारस नेमला नाही. मंडळींनी अनेक महिने खल करून पाच जणांची निवडून दिलेली समिती बसवली, ती पद्धत आजही चालू आहे. वारस न नेमणे हे काहींना बेजबाबदारपणाचे वाटले. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांना पुढे काम करायचे आहे त्यांनीच कारभाराची पद्धत ठरवली तर ती टिकते.

राग कोठून येतो?

म्हातारे हेकट आणि तरुण उर्मट, असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. पण या कारखान्याची एक रीत समजून घेतली तर रागाचे खरे कारण कळते. नवा मुलगा दुरुस्ती पाठवतो, त्याचे नाव लागते, पुढे त्याला नोकरी लागते आणि तो निघून जातो. त्याने जोडलेला भाग मात्र तेथेच राहतो. पाच वर्षांनी तो बिघडला की रात्री उठून दुरुस्त करायचे ते जुन्या माणसाने. म्हणजे माल पाठवणारा नगद नाव घेऊन जातो आणि स्वीकारणाऱ्याच्या वहीत उधारी चढते. तेव्हा जुना माणूस ‘नाही’ म्हणतो तो दर वेळी अहंकाराने म्हणत नाही.

याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘रस्ट’चा वाद. लिनक्स लिहिले आहे ते ‘सी’ या १९७० च्या दशकातील भाषेत. सी वेगवान आहे, पण तिच्यात यंत्राची स्मृती हाताळताना चूक झाली तर कोणी टोकत नाही, आणि चोर याच चुकांतून आत शिरतात. रस्ट ही नवी भाषा अशा बहुतेक चुका माल तयार होतानाच पकडते. तिचा जन्मही हौसेतूनच झाला. २००६ मध्ये व्हँकूव्हरमधील ग्रेडन होअर हा तरुण घरी आला तर इमारतीची लिफ्ट प्रोग्रॅमच्या बिघाडाने बंद. एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढताना त्याला वाटले की आपण संगणकवाले एक लिफ्टही नीट चालवू शकत नाही. त्यातून रस्ट सुरू झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्समध्ये रस्टला प्रथम दार उघडले. मे २०२४ च्या एका बैठकीत एका ज्येष्ठाने तरुणांना साफ सांगितले की तुम्ही आम्हा सर्वांना रस्ट शिकायला भाग पाडू शकणार नाही; आम्ही आमचा सीमधील भाग बदलला आणि त्यामुळे तुमचा बिघडला तर तो तुम्हीच दुरुस्त करायचा. ऑगस्टमध्ये रस्टच्या बाजूचा एक प्रमुख कार्यकर्ता, कामाशी संबंध नसलेल्या कटकटींना कंटाळलो, असे लिहून निघून गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भडका उडाला. एका जुन्या व्यवस्थापकाने आपल्या विभागाशी रस्टचा संबंधच नको अशी भूमिका घेतली. समोरच्या बाजूच्या एका तरुणाने हे भांडण समाजमाध्यमांच्या भर बाजारात नेले.

टोरवाल्ड्स यांनी येथे जे केले ते १९९२ च्या किंवा २०१० च्या टोरवाल्ड्सना जमले नसते. त्यांनी आधी त्या तरुणाला सांगितले की चारचौघांत बदनामी करून काम पुढे जात नाही. तो तरुण रागावून राजीनामा देऊन गेला, हे नुकसान झालेच. मग त्यांनी जुन्या व्यवस्थापकालाही कळवले की तुम्हाला रस्ट पाहायची सक्ती नाही, तुमच्या भागात ती कोणी घुसवत नाही; पण तुमच्या भागाचा उपयोग दुसऱ्याने आपल्या खोलीत कोणत्या भाषेतून करावा हे ठरवण्याचा हक्क तुम्हाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या बैठकीत असे ठरले की रस्ट आता प्रयोग राहिलेली नाही. सी तिच्या जागी आहेच.

किल्ली देण्याच्या दोन तऱ्हा

किल्ली चांगल्या रीतीने कशी द्यावी याचा धडाही टोरवाल्ड्स यांचाच आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘गिट’ नावाचे अवजार स्वतः लिहिले. हजारो लोकांनी केलेल्या दुरुस्त्यांची वही नीट ठेवण्याचे ते अवजार. आज जगातील बहुतेक प्रोग्रॅमर तेच वापरतात. चार महिनेही झाले नव्हते तोच, जुलै २००५ मध्ये, त्यांनी ते जुनिओ हमानो यांच्या स्वाधीन केले. हमानो काही नातलग नव्हते की जुने दोस्त नव्हते. त्या काही आठवड्यांत त्यांनी पाठवलेले काम पाहून टोरवाल्ड्स यांना कळले होते की याची पारख चांगली आहे. त्यानंतर त्यांनी मागून हात घातला नाही. वीस वर्षांहून अधिक काळ हमानोच ते सांभाळत आहेत.

दुसरी तऱ्हा दुःखाची आहे. कापडाची गाठ दाबून बांधतात तशा संगणकातील मोठ्या फायली दाबून लहान करण्याचे ‘एक्सझेड’ नावाचे एक अवजार आहे. लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक यंत्रात ते असते. फिनलंडचे लासे कोलिन ते वर्षानुवर्षे एकटे, बिनपगारी, हौसेने सांभाळत होते. जगभरातील कंपन्या त्यांचा माल वापरत होत्या. हाताखाली पोरगा मात्र कोणी नव्हता.

२०२१ च्या अखेरीस ‘जिया तान’ या नावाने एकाने छोट्या छोट्या चांगल्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. अदब चांगली, काम चोख. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावांनी कोलिन यांच्यामागे टुमणे लावले की तुम्ही फार सावकाश आहात, तुमच्याने होत नसेल तर दुसऱ्याला द्या. कोलिन यांनी जूनमध्ये लिहिले की माझी मानसिक प्रकृती बरेच दिवस ठीक नाही, आणि हे शेवटी बिनपगारी हौसेचे काम आहे हेही लक्षात ठेवा. वाचताना जीव तुटतो. थकलेल्या उस्तादाला एकच शागीर्द दिसत होता, त्यालाच त्यांनी हळूहळू अधिकार दिले. २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या तोच काढू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती काढली आणि त्यांत एक चोरदरवाजा बसवला. ज्याच्याकडे गुप्त किल्ली असेल तो दुसऱ्याच्या यंत्रात कुलूप न तोडता शिरू शकेल, असा तो दरवाजा होता. तरफदारी करणारी ती अनोळखी नावेही त्याच डावातील असावीत असे जाणकारांचे मत आहे.

हे पकडले ते आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरने, तेही दुसरेच काम करताना. आपल्या यंत्रात दूरवरून शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याच्या लक्षात आले. दुसरा कोणी असता तर अर्ध्या सेकंदाची पर्वा केली नसती. त्याने मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. हा माल बहुतेक ठिकाणी पोहोचण्याआधीच परत घेतला गेला. कोलिन यांनी सारी झाडाझडती स्वतः केली आणि २९ मे रोजी चोरदरवाजा काढलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली. जिया तान खरा कोण होता, एक माणूस होता की टोळी, हे आजतागायत उघड झालेले नाही.

या प्रकरणाची आपल्या मुलांशी संबंध असलेली एक बाजू आहे. या कारखान्याचे मोठे आकर्षण हे होते की दारात कोणी आडनाव, मोहल्ला किंवा कॉलेजचे नाव विचारत नव्हते, काम विचारत होते. नोकरीच्या अर्जावर नाव वाचूनच जे अर्ज बाजूला पडतात, त्या पोरांसाठी ही लहान गोष्ट नाही. एक्सझेडनंतर मात्र ‘अनोळखी माणसावर भरवसा कसा ठेवायचा’ असे जो तो विचारू लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर रशियाशी संबंध असलेल्या सुमारे डझनभर लोकांची नावे निर्बंधांच्या कायद्यामुळे लिनक्सच्या व्यवस्थापकांच्या यादीतून काढली गेली. त्यांच्या कामात खोट होती असे कोणी म्हटले नव्हते. म्हणजे गाव-मुलूख आता तेथेही पाहिला जाऊ लागला आहे.

तरीही दार बंद झालेले नाही. लिनक्सच्या गाभ्यात निनावी काम घेत नाहीत. पाठवणाऱ्याने आपली ओळख लावून, हे काम पाठवण्याचा मला हक्क आहे, असे प्रत्येक दुरुस्तीखाली लिहून द्यावे लागते. फी नाही, प्रमाणपत्र नाही. मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलाकडे एखादा जुना लॅपटॉप आणि कामचलाऊ इंग्रजी असेल तर सुरुवात कागदपत्रांतील चुका सुधारण्यापासून होते, आणि पहिली दुरुस्ती बहुधा दोन-तीनदा परत येते. परत पाठवणारा कोठे चुकले ते लिहून पाठवतो. ते वाचून, दुरुस्त करून, न रागावता पुन्हा पाठवायचे असते.